सोललेले वाल

भावजी गेले तेव्हा सुतक फिटेपर्यंत ताईच्या घरी चूल पेटली नाही. दहिवलीतल्या तिच्या आळीने रीतीप्रमाणे पाळी लावून पिठलं आणि तांदळाच्या भाकऱ्या पोचवल्या. दिवसकार्य उरकलं, आळी आपापल्या कामाला लागली. माहेरचं माणूस म्हणून मी एकटी उरले. दर रविवारी खोपोलीहून तिच्या आवडीचं काहीबाही करून न्यायची. ताई झाकण उघडून बघायची, "ठेव गं" म्हणायची, आणि संध्याकाळी डबा जसाच्या तसा माझ्या पिशवीत परत यायचा.

पण शेजारणीचं मात्र खायची! ही बाई ना नात्याची, ना गोत्याची, फक्त भिंतीपलीकडची. दुपारी मोड आलेल्या वालांचा टोप घेऊन यायची, ताईच्या पुढ्यात आदळायची आणि म्हणायची, "जरा हात लाव गं, मला एकटीला नाय व्हत." मग दोघी वाल सोलत बसायच्या. सांत्वनाचा एक शब्द नाही. त्याच वालांचं बिरडं ती रांधून आणायची आणि ताई मुकाट्याने भात कालवून खायची. बिरड्यात मीठसुद्धा बेताचंच, मी चाखलंय. सख्ख्या बहिणीच्या अळूवड्या परत आणि हिचं बिरडं गोड! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी म्हटलं, बिरडंच हवंय ना, मग आपणही वाल नेऊ. भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले, आणि ताईच्या जिवाला त्रास नको म्हणून शनिवारी एकेक वाल सोलून काढला. बोटं सुरकुतून गेली. आता बघू ती बाई काय करते, असं म्हणत मी रविवारी डबा ताईपुढे ठेवला.

ताईने झाकण उघडलं आणि बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले.

"सोलून कशाला आनलंस गं? आता दुपारभर मी काय करू?"

तेवढ्यात दारात ती बाई आली, काखेत टोप. ताईने घाईघाईने डोळे पुसले आणि सरकून तिला जागा केली.

ती बाई मला अजूनही आवडत नाही. पण हल्ली मी वाल न सोलताच नेते, आणि ती यायच्या आत पोचायला बघते.