करप्याची ओळ

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा सगळ्यात आधी आल्या त्या पाट्या. भाड्याच्या खोल्यांवर, शाळेच्या जुन्या वर्गांवर, जिथं जागा मिळेल तिथं ‘जिल्हा’ हा शब्द नव्या रंगात झळकायला लागला. फायली जुन्या जिल्ह्याहून ट्रकनं येत होत्या, आणि आमचे हे त्या लावण्यात असे बुडाले होते की घरी आले तरी अंगाला कचेरीच्या धुळीचा वास यायचा. पाणी मात्र आलं नाही. पाऊस दगा देत होता आणि आमच्या क्वार्टरांच्या रांगेला टँकर यायचा तो स्वतःच्या मर्जीनं. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. सकाळी टँकर, मग शाळा, मग स्वयंपाक, मग पुन्हा टँकर. त्या काळातलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर माझे खांदे. लोकांना जुने दिवस गोड वाटतात म्हणे. मला ते नुसते दुखतात.

अशात शेजारच्या साहेबांना टमाट्यांची परीक्षा घ्यायची हुक्की आली.

साहेब शेतकी खात्यातले, मूळचे अहमदपूरकडचे. तिकडं त्यांच्या भावांचा टमाट्यांचा मळा होता आणि तो करप्यानं बसला होता. पानांवर तपकिरी ठिपके पडतात, खालून वर चढत जातात आणि फळ लागायच्या आत झाड जळाल्यासारखं होतं, तो करपा. कुठलं बी त्याला टिकतं हे साहेबांना शोधायचं होतं. हे काही खात्याचं काम नव्हतं, त्यांची स्वतःची खाज होती. मळ्यातली विहीर तळाला गेलेली, म्हणून आम्हा तिघा शेजाऱ्यांच्या परसात तीच तीच बियाणी लावायची असं त्यांनी ठरवलं. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर आणि मधे आम्ही. फवारायचं काही नाही, खुडायचं नाही, उपटायचं नाही. जे टिकेल ते टिकेल.

आता गंमत अशी की बी करप्याला टिकतं का हे बघायचं तर करपा यायला हवा. त्या वर्षी करपासुद्धा धड येईना. त्यालाही ओल लागते. म्हणून साहेबांनी ठरवलं, करप्याला चटकन बळी पडणारं एक बी मुद्दाम एका ओळीत लावायचं. रोग आधी तिच्यावर येईल आणि तिथून दोन्हीकडं पसरेल. ही ओळ आमच्या दारात.

“आमच्याच का?” मी विचारलं. जरा ताडकनच विचारलं. गावात कुठलीही नको असलेली गोष्ट ढकलत ढकलत आमच्या वस्तीच्या बाजूला यायची, हे मी लहानपणापासून बघितलं होतं. साहेब ओशाळले. त्यांनी मला तिन्ही परसं चालून दाखवली, मधलं घर कसं तुमचंच आहे ते हात करून करून सांगितलं. ते खरंच होतं. मी हो म्हटलं, पण एक अट घातली. आमच्याकडं ही एक ओळ जास्त, म्हणून आमच्या झाडांना तिन्ही घरांच्या आंघोळीचं पाणी घालायचं होतं, दुसरं पाणी होतं कुठं? तर आपापली बादली ज्यानं त्यानं आमच्या कुंपणापर्यंत आणून ठेवायची. माझ्या घरातलं कुणी दुसऱ्याच्या न्हाणीतून पाणी वाहणार नाही. साहेबांनी ती अट शेवटपर्यंत पाळली. बनियनवर, गळ्यात टॉवेल टाकून, सांडत सांडत बादली घेऊन यायचे. साबण कमी लावा, झाडांना सोसत नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. सिस्टर म्हणाल्या, मी दिवसभर रोग्यांत असते, मला साबण लागतोच, पाहिजे तर माझं पाणी घेऊ नका. मग त्यांचं पाणी त्यांच्या जास्वंदीला.

माझी आई, म्हणजे माय, त्या दिवाळीपासून माझ्याकडं होती. मुखेडकडच्या आमच्या गावी नाल्याकाठी तिचा जमिनीचा तुकडा होता आणि त्यात ती आयुष्यभर भाजीपाला करत आली. विहीर आटली, भाऊ बायकापोरांसकट पुण्याकडं कामाला गेला, घराला कुलूप लागलं. मी तिला घेऊन आले. घेऊन आले म्हणजे जवळजवळ ओढूनच आणलं. ती आली, पण राहिली नाही. कपड्यांचं गाठोडं तिनं सोडलंच नव्हतं. लागेल ते लुगडं काढायची आणि पुन्हा गाठ मारायची. अर्धी भाकरी ताटात ठेवायची. “कवा जायचं?” हा तिचा रोजचा प्रश्न. गावात प्यायला पाणी नाही, घरात माणूस नाही आणि तिला तर न्हाणीपर्यंत जाऊन यायलाही दम लागायचा. ती एकटी तिथं गेली असती तर परत दिसली नसती. हे मला कळत होतं आणि तिलाही कळत होतं. मला भीती त्याचीच होती.

रोपं लावली त्या दिवशी माय पहिल्यांदा परसात आली. साहेबांनी तिला हात जोडून सांगितलं, “आजी, ही मधली ओळ सगळ्यात नाजूक. रोग पहिला हिलाच धरणार.”

“हाव,” माय म्हणाली, “ध्यान ठेवते.”

साहेब खूश झाले. मीही खूश झाले. पाणी घालायचं काम परस्पर निघालं.

आणि माय उठली. खरंच उठली. सकाळी मला जाग येण्याआधी ती परसात असायची. तांब्यानं, बुडाशी, एकेका झाडाला थांबून थांबून पाणी घालायची, आणि मधल्या ओळीला जरा जास्तच. कुंपणावरून साहेबांना हुकूम सोडायची, “बादली अर्धीच कामून आणली? आंगूळ केली का तोंड धुतलं?” साहेब हसायचे. ती पूर्ण भाकरी खायला लागली. जायचं कधी हे विचारायची थांबली. संध्याकाळी शाळेतून येताना मला दुरून तिचं पांढरं लुगडं त्या हिरव्यात दिसायचं आणि खांद्यांचं ओझं थोडं उतरायचं.

मग साहेबांनी अहमदपूरकडच्या कुणाच्या तरी मळ्यातून करपलेल्या पानांची पिशवी आणली. पानं पाण्यात कुस्करून ते पाणी मधल्या ओळीवर शिंपडलं, आणि ओल राहावी म्हणून वरून ओली पोती पांघरली. प्यायच्या पाण्याची मारामार आणि आम्ही पोती भिजवतोय! टँकरच्या रांगेतल्या बायका आमच्या परसाकडं बघून तोंडाला पदर लावायच्या. मला त्यांचा राग येत नव्हता. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

खालच्या पानांवर ठिपके आले. चकलीसारखे, एकात एक वेढे असलेले. साहेबांनी ते बघून चक्क टाळी वाजवली. आम्ही वाट बघत राहिलो. पण ठिपके वाढेनात, दोन्हीकडच्या परसांत तर एकही दिसेना. आठवडे गेले. मधली ओळ आपली ताठ उभी, पिवळ्या फुलांनी भरलेली. साहेबांचा विश्वासच बसेना आणि मग एकदम बसला. ठिपके येऊनही रोग पसरला नाही, म्हणजे सगळीच बियाणी टिकाऊ निघाली! भावांना आता ह्यातलंच बी लावायला सांगतो म्हणाले. सिस्टरांचे भाऊ शिरूर अनंतपाळला भाजीपाला करायचे, त्यांनाही बी पाठवायचं ठरलं. फळं पिकायचीच काय ती वाट होती.

एका सकाळी मायनं मला चहाचा कप दिला आणि मला तिची बोटं दिसली. टोकं काळपट हिरवी. टमाट्याच्या झाडाशी खेळलं की तो डाग बसतो आणि घासूनही लवकर जात नाही. नुसतं पाणी घालणाऱ्याच्या बोटांना तो लागत नाही. मी परसात जाऊन मधल्या ओळीजवळ वाकून बघितलं. झाडांचे खालचे बुंधे कसे स्वच्छ, एकही खराब पान नाही, आणि उरलेल्या पानांवर चुलीतली राख भुरभुरलेली. रोज पहाटे ती ठिपक्याठिपक्याचं पान खुडत होती आणि न्हाणीच्या चुलीत घालत होती. रोग पहिला हिलाच धरणार, असं साहेब म्हणाले होते. मग माझ्या मायनं काय करावं? जे सगळ्यात अशक्त त्याला सगळ्यात जास्त जपावं. दुसरं काही तिला येतच नव्हतं.

मी सिस्टरांना सांगितलं. म्हटलं, राहू दे ना असंच, ती जेवायला लागली आहे. सिस्टर जास्वंदीला पाणी घालता घालता थांबल्या. मग म्हणाल्या, “बाई, माझे भाऊ ह्या भरवशावर रोपं लावतील. त्यांचा मळा बसला तर मी माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ?”

खरं होतं. सगळ्यांचं सगळं खरंच असतं, म्हणून तर माणूस दमतो. त्या संध्याकाळी मी मायला समजावलं. ही ओळ रोग यावा म्हणूनच लावली होती, तो हिच्यावर वाढला तरच बाकीच्यांचं कळणार, वगैरे. वर्गात सांगावं तसं सांगितलं. ती ऐकत होती.

“मरायलाच लावली व्हती?”

“हाव, माय.”

“आन मला पाणी घालाय लावलं.” ती माझ्याकडं बघत राहिली. “गावाकडं आपोआप मरून राहिलंय ते कमी पडलं का तुमाला? हितं मुद्दाम लावून मारायलेत.”

सकाळी ती गाठोडं घेऊन दारात उभी. “मुखेडची गाडी कवा हाय?”

मी समजूत घालायला हवी होती. पण माझ्यात समजूत उरलीच नव्हती. “चल,” म्हटलं, “मी पण लई दमले.” शाळेत निरोप पाठवला आणि तिला घेऊन एसटी स्टँडवर गेले. सिमेंटच्या बाकावर दोघी बसलो. ती गेली तर तिथं मरेल, आणि मी तिला माझ्या हातानं गाडीत बसवायला आले आहे, एवढंच डोक्यात होतं. रडूही येत नव्हतं. मुखेडची गाडी लागली, लोक खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरायला लागले. माय उठली नाही.

“आज पाणी घातलं का कुनी?”

“कोण घालणार? बादल्या कुंपणाशीच असतील.”

“मरायचं हाय म्हून तहान लागत न्हाई का त्याला?”

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी आमच्यासमोरून निघून गेली. थोड्या वेळानं मायनं गाठोडं उचललं आणि घराच्या रस्त्याला लागली. मी मागं मागं.

साहेबांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते ओट्यावर बसले. मला वाटलं, ओरडतील. ते नुसतं “पुन्हा” म्हणाले आणि अहमदपूरच्या गाडीची चौकशी करायला गेले. पुन्हा पानांची पिशवी, पुन्हा ओली पोती. मायनं तिची अट सांगितली. पान खुडणार नाही, राख टाकणार नाही, पण पाणी शेवटपर्यंत भरपूर पडलं पाहिजे. साहेब हो म्हणाले.

या वेळी करपा आला. खालून चढत गेला, फुलं गळाली, फांद्या काळ्या पडल्या. दोन्हीकडं पसरला. साहेबांच्या भावांचं घरचं बी पार झोपलं. बाजारातलं नामांकित बीही झोपलं. विद्यापीठाकडून आणलेल्या एका बियाण्याची झाडं मात्र ठिपके अंगावर घेऊनही उभी राहिली आणि त्यांना फळं धरली. साहेब, सिस्टर, कचेरीतून एकदाचे वेळेवर आलेले आमचे हे, सगळे त्या झाडांभोवती उभे राहून बघायचे. माय मधल्या ओळीत असायची. पान उरलं नव्हतं अशा काड्यांच्या बुडाशी तांब्यानं पाणी सोडायची आणि ते मुरेपर्यंत थांबायची. मला ते बघवायचं नाही. मी घरात निघून जायचे.

शेवटी ओळ उपटून जाळायची वेळ आली. मायनं कुणाला हात लावू दिला नाही, स्वतःच एकेक काडी उपटली. धूर निघून गेल्यावर साहेब तिच्यापाशी आले.

“आजी, तुम्हाला लई तकलीफ झाली. पुढच्या बारीला ही ओळ माझ्या दारात लावतो.”

“न्हाई,” माय म्हणाली. “हितंच लावा. तुमी सगळे जगणाऱ्याकडं बघत बसता. हिला पाणी कोन घालील?”

साहेबांनी मान हलवली. पुढच्या बारीला, म्हणजे पुढच्या हंगामात, माय इथं असणार होती. हे तिनं मला नाही, साहेबांना सांगितलं. मला एकदम रडू आलं आणि मी होते तिथंच, राखेशेजारी, मातीत बसले.