जंगली नाशपातीचे सरदारजी

माझी बदली चंडीगडला झाली तेव्हा शहर अजून नवंकोरं होतं. शेजारच्या सरदारजींनी डोंगरातून आणलेलं जंगली नाशपातीचं झाड फाटकाशी लावलं होतं. “सारी नाशपातियों की दादी है जी. अब पहाड़ में भी कम बची हैं,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. फळं सुपारीएवढी आणि भयंकर तुरट.

एकदा विजेच्या तारांखालची झाडं तोडायला माणसं आली.

“निकम्मा पेड़ है,” मुकादम म्हणाला.

सरदारजींनी शांतपणे सात-आठ फळं तोडून चावून खाल्ली. “शहद है जी,” ते हसून म्हणाले.

मुकादमाने हात पुढे केला.

“पकने दो. टोकरी भरके ले जाना.”

मुकादम नुसत्या फांद्या छाटून गेला. सरदारजी माझ्याकडे वळले, पण तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी खुणेनेच पाणी मागितलं. मी तांब्या भरून आणला. अर्धा ते प्यायले, उरलेला झाडाला घातला.