काळी काच

"काच पांढरी होऊ द्या, मग बोला," हे गहिनीनाथचं कायमचं वाक्य. अंबाजोगाईहून आणलेला त्याचा चष्मा उन्हात काळा व्हायचा आणि अंधारात हळूहळू पांढरा.

दुष्काळाच्या त्या साली मजूर सोसायटी घाटनांदूरच्या शिवारात विहीर खोल करत होती. दुपारी चार सुरुंग पेटवले. आवाज तीनच झाले. मजुरांतल्या पंडितनं चुकून चार मोजले आणि तो खाली उतरला. दरड निसटून त्याचा पाय दगडाखाली अडकला. न उडालेला सुरुंग तिथंच कुठंतरी होता.

असा सुरुंग ओळखणारा एकटा सोसायटीचा सुरुंगवाला गहिनीनाथ, आणि तो लिंबाखाली डोक्यावरून घोंगडी घेऊन बसला.

"काहून बसलास रे मुडद्या? माझं लेकरू मरतंय!" पंडितच्या आईनं, भिवराबाईनं, घोंगडी ओढून काढली. तिच्यासमोरच काच पुन्हा काळी झाली.

"काकू, आता पहिल्यापासून बसावं लागंल. काळ्या काचंनं उतरलो तर पाय सुरुंगावरच पडंल. बिनचष्म्याचं मला काही दिसत न्हाई."

मग भिवराबाईनंच घोंगडी त्याच्या डोक्यावर घातली, कडा घट्ट धरल्या आणि थोड्या वेळानं आंधळ्याला न्यावं तसं त्याला विहिरीपर्यंत नेलं. आतल्या सावलीत उतरल्यावरच त्यानं घोंगडी तिच्याकडं फेकली.

खालून आवाज आला, "सुरुंग दिसला. पंडित, हलू नको बे. पहार सोडा!"

पंडितला खांद्यावर घेऊन तो वर आला. उन्हात काच काळी झाली. तो बांधानं निघाला. लेकाचं डोकं मांडीवर घेऊन, घोंगडी छातीशी धरून भिवराबाई त्याच्याकडं पाहत राहिली.