महांतप्पांची खारी टाकी

नळदुर्गात हायवेला लागून ज्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं, त्या महांतप्पांच्या पुढच्या खोलीत समुद्र आहे. हसू नका. चार फूट लांब काचेची टाकी, तिच्यात मीठ मिसळलेलं पाणी, भट्टीत भाजून केलेले भोकाभोकांचे दगड, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे, आणि दगडांवर शर्टाच्या बटणाएवढी हिरवी-जांभळी फुलं. फुलं म्हणायचं आपलं. ते जिवंत प्राणी असतात. दिवा लागला की उघडतात, विझला की मिटतात. महांतप्पांनी खरा समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, तोही गोकर्णाला, आणि तेव्हा त्यांचं सगळं लक्ष चपला सांभाळण्यात होतं.

टाकी मांडली त्यांच्या मुलीनं, शिवरंजनीनं. ती कोचीला एका संस्थेत समुद्री जिवांवर काम करते. आई गेली तेव्हा चार महिने घरी येऊन राहिली, इथूनच काम केलं, आणि रिकाम्या वेळात हा उद्योग उभा केला. जाताना म्हणाली, अप्पा, तुम्हाला सोबत होईल. सोबत! बायको गेलेल्या माणसाला माशांची सोबत. महांतप्पांना म्हणायचं होतं की पोरी, तू राहा. ते म्हणाले की लवकर निघ, सोलापूरच्या गाडीला गर्दी असती. काही माणसं असलीच असतात. दुकानावर बसून चाळीस वर्षं तोंड चालवतील, आणि घरात जे बोलायचं ते नेमकं गिळतील.

मुलगी गेल्यावर फोन रविवारी यायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, आत्या कशी आहे. आत्या म्हणजे महांतप्पांची थोरली विधवा बहीण, गिरिजाबाई; ते तिला अक्का म्हणतात. ती आता इथंच राहते. दहा मिनिटांत फोन संपायचा, आणि मग पुढचा रविवार येईपर्यंत महांतप्पा टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. मासे काही बोलायचे नाहीत. अक्का बोलायची, पण ती बायकोच्या आठवणी काढायची आणि त्या यांना नको असायच्या.

दसरा झाला आणि दगडांवर तपकीर सांडल्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. आठवड्यात त्याची साय झाली, सायीला बुडबुडे आले, आणि मग त्याचे लोळ लोंबायला लागले. अक्का म्हणाली, शेंबूड आहे. खोटं नव्हतं. महांतप्पांनी फोटो पाठवला. तासाभरात शिवरंजनीचा फोन, तोही व्हिडिओवर.

फोटोवरून तिला नक्की सांगता येईना. तीन-चार प्रकारचं शेवाळ असं दिसतं, म्हणाली, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. आधी दात घासायच्या ब्रशनं घासून नळीनं ओढून काढायला लावलं. तीन दिवसांत परत आलं. माशांचं खाणं निम्मं केलं. परत आलं. तीन दिवस दिवा बंद ठेवून टाकीला गोधडी गुंडाळली; बाळंतिणीची खोली दिसायला लागली नुसती. गोधडी काढल्यावर दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पण फोन रोज यायला लागला. ही गोष्ट महांतप्पांनी स्वतःशीसुद्धा मोठ्यानं कबूल केली नाही. संध्याकाळी साडेसहाला ते धुतलेला सदरा घालून टाकीसमोर बसायचे. ती म्हणायची, अप्पा, फोन काचेजवळ न्या, अजून जवळ, डावीकडं. आणि ती बघत असताना ते तिच्याकडं बघायचे. विचार करताना ती खालचा ओठ दाताखाली धरायची, चौथीत गणितं करताना धरायची तस्सा. अर्धा तास, कधी पाऊण. शेवटी ती वैतागून म्हणाली की असं लांबून कळणार नाही, येळवसाला रजा टाकते आणि येऊन सूक्ष्मदर्शकाखालीच बघते.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गाव रिकामं होतं, माणसं शेतात जेवतात. कडब्याची खोप, तिच्यात पांडवांची पूजा, मिसळीच्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि गाडग्यातली ताका-पिठाची आंबील. अजून महिना होता. महांतप्पांनी त्याच दिवशी माळ्यावरचं आंबिलीचं गाडगं खाली काढून पुसून ठेवलं.

आणि मग चार दिवसांनी ते सकाळी नेहमीसारखे पूजेला बसले. लिंगायताच्या घरात सकाळची लिंगपूजा चुकत नाही. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याच्यावर पाणी घालायचं, भस्म, बेल. पूजेचं पाणी ते स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं घेत. त्या सकाळी लाईट गेलेली, फिल्टर बंद, म्हणून अक्कानं न्हाणीतल्या निळ्या ड्रममधलं तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

हा ड्रम जरा समजून घ्या. त्या फिल्टरचं असं आहे की एक घागर शुद्ध पाणी द्यायचं तर तो तीन घागरी मोरीत सोडतो. शिवरंजनीनं बजावलं होतं की टाकीतलं पाणी उडून कमी झालं की शुद्ध पाण्यानंच भर घालायची, आणि जाताना चार कॅन भरून ठेवले होते. ते संपल्यावर महांतप्पांनी पहिल्यांदा स्वतः फिल्टर चालवला आणि मोरीत वाहणारी धार पाहिली. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात उभा जन्म गेलेला माणूस तो. त्यांच्यानं बघवलं नाही. त्यांनी त्या नळीखाली ड्रम लावला. भांडी घासायला, फरशी पुसायला, आणि हो, टाकीत घालायलाही. शुद्ध पाणी माणसांना पिऊ दे, माशांना ते कशाला, असा त्यांचा हिशोब. मुलीला सांगावं असं त्यात काही आहे, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

तांब्यातलं पाणी पाहून महांतप्पा अक्कावर उखडले. "टाकून दिल्यालं पानी हाय ते, अक्का. सगळी घाण त्यातच उतरती. लिंगाला घालायचं का ते?"

अक्का काही मुकाट ऐकणारी नव्हे. "मग त्या मुक्या जिवांला रोज तेच घालतूस की. तिथं न्हाय व्हय आठवत घाण?"

महांतप्पांच्या तळहातावर लिंग तसंच राहिलं. त्यांना दसऱ्यापासूनचा सगळा हिशोब एकदम लागला. कॅन संपले कधी, तपकीर दिसली कधी.

सांगायचं ना लगेच? नाही सांगितलं. सांगितलं तर पोरगी फोनवरच उपाय सांगून मोकळी होणार आणि येळवस तिकडंच राहणार. संध्याकाळी ती म्हणाली, अप्पा, आज गप्प का? हे म्हणाले, काय न्हाय, थंडी पडलीय. ड्रमचं पाणी मात्र त्या दिवसापासून बंद केलं. शुद्ध घातलं तर टाकी साफ होईल आणि पोरगी यायची नाही, म्हणून मग भरच घातली नाही. टाकीतलं पाणी दोन बोटं उतरलं. त्यांची अशी समजूत की निदान नवी घाण तरी जात नाही. अर्धवट प्रामाणिकपणा हा असाच असतो, कुणाच्याच कामाचा नाही. पाणी आटलं तसा खार वाढला. बटणफुलं दिवा लावला तरी उघडेनात, आणि चौथ्या दिवशी धाकटा मासा कोपऱ्यात जाऊन आडवा तरंगायला लागला, कल्ले भराभर हलवत.

महांतप्पा त्याच्यापुढं तासभर बसले. दवाखान्यात बायकोच्या कॉटशेजारी बसायचे तसेच, हात मांडीवर. मग साडेसहाची वाट न बघता त्यांनीच फोन लावला आणि ड्रमचं सांगितलं.

मग तिनं विचारलं की कधीपासून.

"कॅन संपल्यापासनं."

"आणि तुम्हाला कळलं कधी?"

"चार दिवस झाले."

"चार दिवस! मग का नाही सांगितलं, अप्पा?"

याचं उत्तर त्यांच्याकडं होतं. त्यांनी दिलं नाही. तिनंही मासा वाचवायच्या घाईत ते धरून ठेवलं नाही. शुद्ध पाणी किती, किती वेळानं, मीठ कसं मोजायचं, एकेक सांगत गेली. शेवटी जरा हसली आणि म्हणाली की चला, कोडं सुटलं, आता येळवसाची धावपळ नको, रजा शिल्लक ठेवते.

महांतप्पा म्हणाले, "बरं."

मासा जगला. दोन आठवडे महांतप्पांनी फिल्टर चालवला, मोरीत जाणारं पाणी बादल्यांनी उचलून परसातल्या नारळाला घातलं, दगड घासले. तपकिरी साय कमी होत गेली आणि एका सकाळी दगड पांढरेशुभ्र दिसले. बटणफुलं उघडली. फोन आधी दिवसाआड झाला, मग पुन्हा रविवारवर गेला. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. महांतप्पा स्वच्छ टाकीकडं असे बघायचे, की जणू त्या टाकीनंच त्यांचं काही काढून नेलंय.

येळवसाला तीन दिवस राहिले तेव्हा अक्कानं आंबिलीला पीठ किती भिजवू म्हणून विचारलं. महांतप्पा उठून खोलीत गेले, दार लोटलं आणि फोन लावला. मंगळवार होता. शिवरंजनी घाबरूनच बोलली, परत आलं का ते?

"न्हाय. दगड लई चांगले हायेत."

"मग? तब्येत?"

"तब्येतीलाबी काय न्हाय." महांतप्पांनी घसा साफ केला. "रंजू, म्या त्या चार दिवसांत सांगितलं न्हाय, कारण सांगितलं तर तू यायची न्हाईस. तुझी आई गेल्यावरबी मला म्हणायचं हुतं, राहा म्हणून. गाडीला गर्दी असती म्हणालो."

"मी स्टँडपर्यंत वाट बघत होते, अप्पा. राहिले नसते कदाचित. पण तुम्ही म्हणायला पाहिजे होतं."

"आता म्हणतो. ये."

तीन दिवसांत तिकीट मिळणार नव्हतं, आणि रजाही तिनं सोडून दिली होती. पुढच्या महिन्यात येते, म्हणाली. टाकीसाठी नाही, अशीच येते. एरवी महांतप्पांनी इथं बरं म्हणून फोन ठेवला असता.

"किती तारखेला?" त्यांनी विचारलं.

"बघून कळवते ना."

"न्हाय, आत्ताच बघ. मी धरतो."

ती हसली का रडली ते नीट कळलं नाही. मग तिकडून की-बोर्डची टकटक ऐकू यायला लागली, आणि महांतप्पा फोन कानाला घट्ट दाबून, डोळे मिटून उभे राहिले.