उजवा हब

चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम चिखलात जायचं, तिथे अडकायचं, मग बाहेर यायचं आणि घरी येऊन ते चारचौघांना सांगायचं, याला छंद म्हणतात. आमच्या ह्यांना तो निवृत्तीनंतर जडला. लोक फार तर बागकाम करतात. ह्यांनी जुनी जीप आणली.

जीप आली तेव्हापासून माझं शिक्षण सुरू झालं. जेवताना ताटाशेजारी दोन वाट्या ठेवून व्याख्यान. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी, म्हणून मध्ये डिफरन्शियल असतो. तो दोघांना वेगवेगळं फिरू देतो. पण एक चाक चिखलात गेलं की तेच गरागरा फिरतं आणि घट्ट जमिनीवरचं चाक नुसतं उभं राहतं. "म्हणजे जो फुकट धावतोय त्यालाच सगळं, आणि पाय रोवून उभा आहे त्याला काही नाही?" मी विचारलं. "अगदी बरोबर!" हे खूश. यात खूश होण्यासारखं काय होतं, देव जाणे. लॉकर बसवला की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात, एक फिरलं की दुसऱ्यालाही फिरावंच लागतं. आमच्या जीपला लॉकर नव्हता. आम्हाला होते ते हब. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल खुंटी. खाली उतरून ती हाताने लॉकवर फिरवायची. नाही फिरवली तर आत फोर-व्हीलचा दांडा कितीही ओढा, पुढच्या चाकांना पत्ताच नसतो.

आणि दसऱ्याला आमच्या ह्यांनी हौसेने जीप रंगवून घेतली. रंगाऱ्याने हबसुद्धा लालभडक ऑइलपेंटने माखले. वर हळदीकुंकू, झेंडूचा हार. पूजा अशी झाली की हबवरची लॉक आणि फ्री ही अक्षरंच बुजली.

त्यानंतर हिवाळ्यात ह्यांना झटका आला. हलकाच, डॉक्टर म्हणाले. उजवा हात काही आठवडे लुळा होता, मग "एकदम फर्स्ट क्लास" झाला. म्हणजे हेच तसं सांगायचे. मुलीने फोनवर टुमणं लावलं, जीप विका. मलाही तेच हवं होतं. मालेगावचा एक माणूस घ्यायला तयारही होता. शेवटी तह झाला: या पावसाळ्यात एकदा जरी गाडी दुसऱ्याकडून ओढून काढावी लागली, तर विकायची. ह्यांनी मान्य केलं. पण तेव्हापासून गाडीत बसल्यावर तोंड असं उतरलेलं, की मलाच अपराध्यासारखं वाटायचं.

भाद्रपदात पेठच्या बाजूला गेलो आणि भातखाचरांच्या कडेच्या वाटेवर रुतलो. मागचं डावं चाक भिरभिरायला लागलं. माझ्या साडीवर चिखल, विंडस्क्रीनवर चिखल. शेतातला एक माणूस बांधावर येऊन उभा राहिला. "लय रुतली की हो. ट्रॅक्टर आणू का?"

"नको, नको!" हे केवढ्यांदा ओरडले. खाली उतरले, पुढच्या डाव्या चाकाशी वाकले, मग उजव्याशी. तिथे बराच वेळ लागला. परत येऊन बसले. "दोन्ही लॉक केले." दांडा ओढला, गाडी घरघरली, जागची हलली नाही.

मी मनात म्हटलं, झालं, सुटले बाई एकदाची. ट्रॅक्टर येणार, तह मोडणार, रविवारी मालेगाव. पण इतकी वर्षं वाट्यांसमोर बसून ऐकलेलं वाया कसं जाईल? एक हब लॉक आणि एक फ्री असेल, तर फ्री बाजूच फुकट फिरणार. मी उतरले. डाव्या हबवरच्या रंगाला गोल तडा गेला होता. उजव्यावरचा रंग दसऱ्याला होता तसा अखंड.

"अहो, खोटं कशाला बोलता? हा फिरवलेलाच नाही!" मी तणतणत वर पाहिलं. ह्यांनी उजवा हात मांडीवर डाव्या हाताने धरून ठेवला होता. त्याच्या बोटांवर खुंटी पिळून पिळून उठलेले लाल वळ होते.



मी पदराचं टोक हबवर धरलं आणि सगळा जोर लावला. दुसऱ्यांदा कट्‌ करून फिरला. "आता सोडा क्लच!" मी ओरडले. जीप दचकली, पुढची चाकं दगडाला लागली आणि ती चक्क वर आली. बांधावरचा माणूस हसला आणि पुन्हा कामाला लागला.

तह ह्यांनी जिंकला होता. मी टाळ्या वाजवायच्या तयारीत होते, खोट्या का होईना. ह्यांनी इंजिन बंद केलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या मालेगाववाल्याला ये म्हणावं. उजवा हब मला आता फिरवता येत नाही."

मला हेच ऐकायचं होतं. महिनोन्‌महिने. आणि ऐकलं तेव्हा असा संताप आला, इतकं रडू आलं, की चिखलाचे हात तसेच तोंडाला पुसले.

"मला येतो ना!" मी म्हणाले. "चालू करा गाडी."