कोथिंबीर : शून्य रुपये, शून्य पैसे

नाशिकची महागाई एकदा सलग पाच महिने माझ्या बायकोने एकटीने रोखून धरली होती. सरकारला याची कल्पना नव्हती. बायकोलाही नव्हती. कल्पना होती ती फक्त मला, आणि मी गप्प बसलो होतो.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. जिल्ह्याचे आकडे गोळा करणाऱ्या एका सरकारी ऑफिसात मी कारकून होतो. (ऑफिसचं नाव विचारू नका, पेन्शन चालू आहे!) माझ्याकडे काम होतं बाजारभाव आणायचं. दर बुधवारी ठरलेल्या दुकानांत आणि ठरलेल्या भाजीवाल्यांकडे जायचं, तूरडाळीपासून मेथीपर्यंत सगळ्याचे भाव विचारायचे आणि छापील तक्त्यात भरायचे. तक्ते वरच्या ऑफिसात जायचे आणि यथावकाश नाशिकचा महागाईचा आकडा जाहीर व्हायचा. त्या आकड्यावर सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांचा महागाई भत्ता ठरायचा. म्हणजे बघा, केवढी सत्ता माझ्या हातात! प्रत्यक्षात हातात असायची एक चुरगळलेली वही आणि सायकलचं हँडल.

आणि भाव विचारणं म्हणजे काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. किराणा दुकानदार वही बघितली की मला वजनमापवाला समजायचे. तराजूखाली चिकटवलेलं काहीतरी घाईघाईने काढायचे आणि म्हणायचे, "साहेब, चहा मागवू?" साखरेचा भाव मात्र सांगायचे नाहीत. भाजीबाजारात तर विचारूच नका.

"मेथी कशी दिली?"

"पाचला जुडी. किती देऊ?"

"नको. नुसता भाव सांगा."

"नुसता? मंग भावाचीच भाजी करता का घरी?"

आजूबाजूच्या चार जणी फिदीफिदी हसायच्या. सहा वर्षं हे सोसलं. सातव्या वर्षी उन्हाळ्यात माझा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद. साहेब म्हणाले, तक्ता बंद होणार नाही. मग मी काय करायचं होतं, सांगा!

आमची कुंदा दर बुधवारी संध्याकाळी गोदाकाठच्या बाजारात जायचीच. शिवाय ती भाजी घ्यायची मखमलाबादच्या सखूबाईकडे, आणि सखूबाई माझ्या सरकारी यादीतलीच होती. मी म्हटलं, झालं तर! आता कुंदा घरी येऊन पिशवी रिकामी करायची आणि मी पाय शेकत सहज विचारायचो, "मेथी कशी मिळाली गं?" ती सांगायची, मी लिहायचो. किराण्याचंही तसंच. यात लबाडी नव्हती हं! आमच्या सूचनापुस्तकात लिहिलेलंच होतं की, ग्राहक प्रत्यक्षात जो भाव देतो तोच धरावा. कुंदा ग्राहक होती आणि प्रत्यक्षात देत होती.

पण ती देत होती किती? कुंदा चांदवडची. तिच्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि माझं तिच्याशी लग्न होऊन तेव्हाच सोळा वर्षं झाली होती. त्यात ती जायची बाजार उठायच्या वेळी, बायका गोणपाट झटकायला लागल्या की! पाचाची मेथी दोनला, वांगी निम्म्याने, मिरच्या मूठभर जास्त. आणि कोथिंबीर? ती विकत घ्यायची असते हेच तिला मान्य नव्हतं. मी इमानदारीत तक्त्यात लिहिलं, 'कोथिंबीर : शून्य रुपये, शून्य पैसे.'

साहेबांनी बोलावलं. "अहो, हे काय? भाव भरायचा राहिला का?"

"नाही साहेब, भरलाय. वर घालून मिळते."

साहेब जरा विचारात पडले. "हो, आमच्याही घरी फुकटच येते," असं म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली.

दोन-तीन महिन्यांत परिणाम दिसायला लागला. बाकीची शहरं महागाईने होरपळत होती आणि नाशिकचा आकडा जागचा हलेना. एका वर्तमानपत्राने 'नाशिककरांना दिलासा' असं मोठ्या अक्षरांत छापलं. कुंदाने ते वाचलं आणि पेपर माझ्यापुढे आपटला.

"कोण मेले लिहितात हो हे? कसला दिलासा! बाजारात येऊन बघा म्हणावं, पाचच्या खाली कुणी बोलत नाही!"

"हो ना," मी म्हणालो आणि चहात तोंड खुपसलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण मध्येच आली पैठणी.

लग्नात कुंदाला पैठणी मिळायची होती. ऐनवेळी काहीतरी फिसकटलं आणि साध्या शालूवर भागवलं गेलं. ती कधी बोलली नाही, पण कुणाच्या लग्नात पैठणी दिसली की हळूच पदर हातात घेऊन बघायची. माझ्याकडे तिने कधी मागितली नाही. (मागून उपयोग नाही, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.) तिचे थोरले भाऊ विलासराव सातपूरला एका कारखान्यात होते, युनियनमध्ये पुढारी. राखीपौर्णिमेला त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "कुंदे, दिवाळीला महागाई भत्ता वाढणार म्हणजे वाढणार! भाऊबीजेला तुला येवल्याची पैठणी. मोरांची!"

कुंदाचा चेहरा असा उजळला की मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिने कपाटातला एक खण रिकामा करून धुतलेलं धोतर अंथरून ठेवलं. रंगही ठरला, मोरपंखी. गल्लीत आठही घरी बातमी पोचली. आणि बुधवारी ती उत्साहाने बाजारात गेली आणि मेथी दीडला घेऊन आली!

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच सांगायचं ना तिला. काय सांगू? गुडघ्यामुळे मी घरी बसून सरकारी तक्ता भरतो हे? की तुझी पैठणी मेथीच्या जुडीत अडकलीय हे? रोज म्हणायचो, उद्या सांगू. असं करत करत दिवाळी तोंडावर आली, आकडा जाहीर झाला आणि भत्ता एक पैसा वाढला नाही.

मग मोर्चा आला. आमच्याच ऑफिसवर! "आकडे खोटे, भत्ते छोटे!" अशा घोषणा, आणि सगळ्यांत पुढे, निवेदन हातात घेऊन, विलासराव. साहेब म्हणाले, "तुम्ही जा हो खाली, मला फोन येणार आहे."

"दाजी!" विलासराव गरजले. "बरं झालं तुम्हीच भेटलात. मला एवढंच सांगा, बाजारात भाव बघायला जातो तो दिवटा कोण?"

"चौकशी करून सांगतो," मी म्हणालो.

"आंधळा आहे का तो? की घरी बसून आकडे लिहितो?"

गुडघ्यात अशी कळ आली म्हणता! मी निवेदन घेतलं, पोच दिली, शिक्का मारला आणि माझ्याविरुद्धची तक्रार मीच आवक नोंदवहीत चढवली. नोकरीत इतकं नीट अक्षर मी पुन्हा कधी काढलं नाही.

पुढच्याच बुधवारी वरच्या ऑफिसातून एक अधिकारी तपासणीला आले. सफारी सूट, खिशाला दोन पेनं, कपाळाला आठ्या. त्यांना घेऊन मी लंगडत गोदाकाठी गेलो. बाजार उठत आला होता. हे तपासणीचे साहेब सखूबाईपुढे उभे राहिले.

"मेथी काय भाव?"

"पाचला जुडी, सायेब."

साहेबांनी माझी वही उघडली. "तुमच्या वहीत दोन. मध्यंतरी तर दीड! हा काय प्रकार आहे?"

माझ्या डोळ्यांपुढे निलंबनाचा कागद टाईप व्हायला लागला. तेवढ्यात दोन पिशव्या घेऊन कुंदा आली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. (नवरा ऑफिसच्या माणसाबरोबर असला की ओळख दाखवायची नाही, हा तिचा शिरस्ता.)

"काय गं सखूबाई, ही मेथी आजची की मागच्या बुधवारची?"

"आता गं बया! सकाळी खुडली बाई, मखमलाबादहून डोक्यावर आनली."

"कशी?"

"पाच."

"पाचात तीन जुड्या दे."

"नाय परवडत बाई, देवाशप्पथ!"

"राहू दे मग." कुंदा वळली आणि चालायला लागली. एक पाऊल, दोन पावलं. साहेब मान वाकडी करून बघत होते. चौथ्या पावलाला सखूबाई ओरडली, "ओ बाई! या मागं. घ्या तीनला एक!"

"दोनला एक. चार जुड्या घेते."

"घ्या बाई! बाजार उठला म्हनून देते, लय जिवावर येतं."

"आणि कोथिंबीर घाल वर. अगं घाल की, चिमटीने काय घालतेस!"

कुंदा गेली. साहेब बराच वेळ तिच्या पाठमोऱ्या पिशव्यांकडे बघत राहिले.

"या बाई नेहमी अशाच घेतात?"

"दर बुधवारी, साहेब."

"कोथिंबीर खरंच शून्य!" ते हळूच म्हणाले, आणि वहीवर शेरा मारला, 'आकडे अचूक.'

नोकरी वाचली. पैठणी गेली. त्या शेऱ्याकडे बघून मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. मी साहेबांना म्हटलं, डोळ्यात मिरचीचा हात गेला.

भाऊबीजेला विलासराव आले, ते खाली मान घालून. कुंदाने ओवाळलं. ताटात पडला एक ब्लाऊजपीस. मोरपंखी.

"यंदा एवढंच गं कुंदे. भत्ताच नाही मिळाला."

"असू दे रे दादा, तू आलास यातच सगळं आलं," कुंदा म्हणाली. पण ते गेल्यावर ताम्हण घासता घासता ती तोंडाला पदर लावून रडली आणि मग म्हणाली, "ज्याने हा आकडा काढला ना, त्याला आयुष्यात सुखाची भाजी मिळायची नाही!"

मला राहवेना. "कुंदा, तो आकडा मी भरतो."

"भरा की. भाव तर बाजाराचे ना?"

"भाव तुझे."

मग मी सगळं सांगितलं. गुडघा, वही, सूचनापुस्तक, कोथिंबीर. तिने ताम्हण खाली ठेवलं.

"म्हणजे माझी पैठणी मीच घासाघीस करून घालवली?"

"हो."

"आणि तुम्ही पाच महिने बघत बसलात?"

मी उगाच सूचनापुस्तक चाळायला घेतलं. पुढे बुधवारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. बुधवारी भरदुपारी पिशवी उचलून म्हणाली, "वही घ्या. चला."

सखूबाईने आम्हाला बघून पदर खोचला, लढाईच्या तयारीने.

"मेथी कशी?" कुंदाने विचारलं.

"पाच."

"दे."

सखूबाईचा हात जुडीवर थांबला. "बाई, बरं नाय का तुमाला?"

"बरी आहे."

"घरची समदी बरी हायेत ना?" असं म्हणून तिने माझ्याकडे निरखून बघितलं, मी जिवंत आहे का म्हणून.

"आणि कोथिंबीर दे. फुकट नको. काय भाव?"

सखूबाई गडबडलीच. "कोथिंबिरीचा भाव? मला काय ठावं बाई, तुमाला म्या कधी इकलीच नाय!" शेवटी शेजारणीला विचारून तिने भाव सांगितला आणि पैसे कपाळाला लावून घेतले. मी ते वहीत लिहिलं. ग्राहक प्रत्यक्षात देतो तो भाव.

पण कुंदाने घासाघीस सोडली आणि सखूबाईचा तोल गेला. पाच या भावात पुढची तक्रार, चार पावलं आणि हाक, सगळं धरलेलं होतं. पुढच्या बुधवारी तिने चाचरत सहा सांगितले. कुंदा म्हणाली, "दे." त्याच्या पुढच्या बुधवारी आठ. कुंदाने ओठ घट्ट मिटले, मुठी आवळल्या आणि म्हणाली, "दे!" त्या एका 'दे'साठी तिला काय सोसावं लागलं, ते मी शेजारी उभा राहून बघितलंय. शेजारच्या बायकाही शहाण्या झाल्या. आम्ही दिसलो की अख्खी रांग भाव चढवायची.

आकडा वर गेला. विलासरावांच्या युनियनने 'लढ्याचा विजय' म्हणून गेटवर पेढे वाटले. भत्ता वाढला, आणि पुढच्या भाऊबीजेला ताटात पैठणी पडली. मोरपंखी, मोरांची, खास येवल्याची. कुंदा ती नेसून बाहेर आली तेव्हा मी बघतच राहिलो. इतकी सुंदर दिसत होती की गुडघ्याची आठवणही राहिली नाही. दुसऱ्या दिवशी तिने ती अंथरलेल्या धोतरावर ठेवली, आणि बुधवारी सखूबाईपुढे उभं राहून असा काही आवाज लावला की ऐकणाऱ्यांना वाटलं भांडण झालं. सखूबाईला मात्र आनंदाने भरून आलं होतं.

"काय दाजी," विलासराव माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "सतरा वर्षांत तुम्हाला जमलं नाही! शेवटी पैठणी भावानेच नेसवली!"

मी मान डोलावली. ते वर्षभर आमच्या घरी वीस तारीख उजाडली की भाजी संपायची आणि पिठलं सुरू व्हायचं. मी एकदा ऑफिसातल्या रिकाम्या वेळात, कामाच्याच वहीच्या मागच्या पानावर, हिशेब करून बघितला होता. पूर्ण भावाने घेतलेल्या त्या वर्षाच्या मेथीपासून कोथिंबिरीपर्यंतच्या सगळ्या भाजीत दोन पैठण्या आल्या असत्या. मी ते पान फाडलं. जन्मभर सगळ्या जिल्ह्याचे आकडे जाहीर केले, पण हा एक आकडा जाहीर करायची माझी निवृत्तीनंतरही छाती झालेली नाही.