प्रभूला ‘वं’

आमच्या घरचं चौघांचं गाणं सासऱ्यांनी सुरू केलं. चर्चमध्ये गायला चार आवाज हवेत आणि चारही एकाच चुलीवर जेवलेले हवेत, हा त्यांचा हट्ट. माणसं बदलत गेली, पण चौघं कायम. सध्या धाकटे दीर पेटी वाजवतात आणि खालचा स्वर धरतात, सून मधला, नात वरचा. मी उरलेला धरते, म्हणजे त्या दिवशी गळा जिथवर जाईल तिथवरचा.

माझं खरं काम ओळ देण्याचं. पूर्वी आमच्या सभेत वाचता येणारे थोडे, म्हणून एकीनं पुढची ओळ मोठ्यानं बोलायची आणि मग सगळ्यांनी ती गायची. आता वाचता सगळ्यांना येतं, पण पुस्तक उघडायचा कंटाळा, म्हणून पद्धत टिकली. देणारी देईल ते सभा गाते. विचारबिचार करत नाही.

हे काम मला आगाऊपणामुळे मिळालं. लग्नाची हळद उतरली नव्हती तेव्हा. सासूबाई ओळ द्यायच्या त्या आमच्या अहिराणी वळणानं. मी शाळामास्तरीण व्हायला निघालेली, नाक वर. भर सभेत म्हणाले, “आई, ‘पानी’ नाही, ‘पाणी’!” त्या शांतपणे म्हणाल्या, “हां माय, तुन्हा ण तूच ठेव. नि आजपासून ओळबी तूच दे.” मला वाटलं, मी जिंकले! येडी कुठली. म्हातारीनं स्वतःचा घसा वाचवला आणि मला जन्मभराची जुंपली. मीही मग कोकिळेसारखी मान वाकडी करून, प्रत्येक ण ठासून ओळी देत राहिले. तेव्हाचा एक फोटो आहे. त्यात मी गातेय की शिंक अडवतेय, कळत नाही.

तर अशा शुद्ध घरात नातीनं मोबाइलवर अमेरिकेतल्या कुणा काळ्या माणसांच्या चर्चमधलं गाणं ऐकलं. तिथंही घरचीच चौघं गातात म्हणे. झालं. पोरीला वेड लागलं.

“आजी, आपल्या गाण्यात सोल पाहिजे.”

“म्हणजे काय गं?”

“सोल म्हणजे आत्मा.”

“मग आजवर आम्ही काय नुसता देह गात होतो?”

सून पदरात हसली. दीर पेटीचा भाता उगाच हलवत बसले. हसा, हसा. ताप मला.

आमच्या एका गाण्यात ‘प्रभू ये’ असं येतं. ‘ये’ म्हणजे एक अक्षर. नात त्याला जिना लावते. वर चढते, गच्चीवर हिंडते, वाळवण उलथून बघते आणि मग सावकाश खाली उतरते. तोवर मी पुढची ओळ तोंडात धरून उभी, गरम भजं धरावं तशी. धरवत नाही. मी देऊन टाकते. तिचा स्वर तुटतो, ती डोळे वटारते.

चिंचपाड्याच्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी तिनं स्पष्टच सांगितलं, “उद्या माझा स्वर तोडलास ना आजी, तर मी सुरतेला मैत्रिणींच्या गटात जाते. त्या कधीच्या बोलावतायत.”

“जा की!” मी म्हटलं. तोंड माझं, आवरणार कोण?

ती आत गेल्यावर दीर म्हणाले, “वहिनी, तीन जणांचं चौघं कसं करायचं? बाबांनी लावलेलं तुमच्या घाईपायी मोडायचं का?”

सुनेनं नातीचे धुतलेले कपडे घडी करून पिशवीत भरायला घेतले. मी त्या पिशवीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च. कोरीट-रनाळ्याकडून टेम्पो भरून माणसं आलेली, डोंगराकडची, आदिवासींची कोकणी बोलणारीही. नातीनं ‘ये’ धरला. मी ओठ मिटले. ती चढली. मी मिटूनच. ती गच्चीवर गेली. मी मनात म्हणतेय, थांब बाई, थांब, पिशवी आठव. आणि इतकी थांबले, इतकी थांबले, की पुढची ओळ कोणती तेच गेलं!

नातीचा स्वर संपला. सगळा मांडव माझ्याकडे बघतोय. डोकं रिकामं. तिच्याकडे वळून संतापानं तोंडातून निघालं ते थेट माइकात:

“कितली वाट देखू तुन्ही, ये ना वं आते!”

आणि सभेनं ते गायलं. चालीत, सुरात, डोळे मिटून. कोकणीवाल्यांनीसुद्धा. ‘आते’ म्हणजे आता, ते ठीक; पण ‘वं’ आमच्याकडे ‘गं’सारखं लावतात बाईमाणसाला, नळावर शेजारणीला हाक मारताना. शेकडो माणसं प्रभूला म्हणतायत, ये ना वं! दीर पेटीवर वाकून हसत होते की रडत होते, देव जाणे. नात मात्र पेटलीच. तिनं तीच ओळ उचलली, सभेनं परत दिली. म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या.

खाली उतरल्यावर एक आजी माझा हात धरून म्हणाली, “माय, पहिलांदाच मन्हा घरनं गानं वाटनं.”

घरी आल्यावर मी जाहीर केलं, “‘वाट देखू’ राहू दे. पण ते ‘वं’ काढायचं. देवाला असं बोलतात का?”

“वं काढलंस तर मी चालले,” नात म्हणाली. पिशवी अजून दाराशीच.

पुढच्या रविवारी कोरीटच्या चर्चमध्ये मी शहाणपणा केला. ओळ दिली ती स्वच्छ, ‘वं’ गाळून. देणारी देईल ते सभा गाते ना? इतक्या वर्षांत पहिल्यांदा सभेनं माझं ऐकलं नाही. सगळ्यांनी ‘वं’ घातलंच, तेही ठासून. सासूबाई असत्या तर पुढच्या बाकावर बसून सुपारी कातरत हसल्या असत्या.

नातीनं माझ्याकडे बघितलं आणि त्या ‘वं’लाच जिना लावला. चढली गच्चीवर. मी पुढची ओळ तोंडात धरून उभी राहिले. भाजत होती, पण धरली.